पाच मिनिटांची शिक्षा

१४ फेब्रुवारी १९३४च्या रात्री टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये आइस हॉकीपटू एस बेली बर्फावर उभा होता, पण खेळाडूच्या पोशाखात नव्हे, साध्या कोटात. दोन महिन्यांपूर्वी, १२ डिसेंबर १९३३ रोजी, बोस्टनच्या एडी शोरने त्याला मागून धडक दिली होती. बेलीचे डोके बर्फावर आपटून कवटी फुटली, मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो जगेल याची आशा बहुतेकांनी सोडली होती. तो जगला, मात्र तिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. शोरवर सोळा सामन्यांची बंदी आली.

त्या रात्रीचा सामना बेलीच्या मदतीसाठी होता. एका बाजूला त्याचा टोरोंटो संघ, दुसरीकडे नॅशनल हॉकी लीगच्या इतर संघांतले निवडक खेळाडू. त्यांत शोरही होता. बेलीला भेटण्याची त्याची पाळी आली तेव्हा प्रेक्षागृह चिडीचूप झाले. दोघांनी हात मिळवले आणि सारे प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून गेले.

म्हणजे या खेळाला खिलाडूवृत्ती परकी नाही. सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग करंडक १९२५ पासून दिला जातो. प्लेऑफची मालिका संपली की दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतात. आदल्या क्षणापर्यंत एकमेकांना भिंतीवर आदळणारी माणसे. मला ही प्रथा फार मोलाची वाटते.

धडक हा आइस हॉकीचाच भाग आहे. पक, म्हणजे खेळातली चकती, ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने अडवणे नियमात बसते. प्रश्न ठोशांचा आहे. हातमोजे फेकून मारामारी करणारा बहुतेक खेळांत मैदानाबाहेर जाईल. नॅशनल हॉकी लीगमध्ये तो पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि परत खेळायला येतो. या कामासाठी संघ खास माणूस बाळगत. त्याला एन्फोर्सर म्हणतात. समर्थक सांगतात, मुठींचा धाक नसेल तर आडदांड खेळाडू चांगल्या खेळाडूंना जायबंदी करतील. दोघे भांडले की हिशेब मिटतो.

हिशेब मिटत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकुव्हरचा कर्णधार मार्कस नासलुंडला धडक देऊन जखमी केले. ८ मार्चला व्हँकुव्हरमध्ये दोन्ही संघ पुन्हा भिडले. पहिल्याच सत्रात मूरला मारामारीचे आव्हान मिळाले; तो मॅट कुकशी लढलाही. रूढ समजुतीप्रमाणे प्रकरण तिथेच संपायला हवे होते. पण तिसऱ्या सत्रात व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीने त्याला मागून ठोसा मारून बर्फावर दाबले. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा कधी त्या लीगमध्ये खेळला नाही. बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

मारणाऱ्यांचे काय होते? एन्फोर्सर डेरेक बूगार्ड साडेसहा फुटांहून उंच होता. २७७ सामन्यांत त्याने ३ गोल केले आणि ५८९ मिनिटांच्या पेनल्टी भोगल्या. संघाला त्याच्याकडून काय हवे होते ते या आकड्यांतच दिसते. १३ मे २०११ रोजी, २८व्या वर्षी, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने तो गेला. बोस्टन विद्यापीठाच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई आढळला. डोक्याला वारंवार मार बसल्याने जडणारा, मेंदू झिजवणारा हा आजार आहे. मुठींनी इतरांचे रक्षण करणाऱ्या या तरुणाचे रक्षण कोणी करायचे होते?

आता मारामाऱ्या पुष्कळ घटल्या आहेत, एन्फोर्सरही जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. खेळ ओस पडलेला नाही. ऑलिंपिकमध्ये मारामारी करणाऱ्याला सामन्याबाहेर जावे लागते आणि तिथली हॉकी काही मिळमिळीत नसते. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगनेही २०२३ पासून तोच नियम लावला. तिथे खेळणाऱ्या किशोरांतलेच काही उद्या नॅशनल हॉकी लीगमध्ये जाणार आहेत. त्यांच्यासाठी तरी थोरल्या लीगने पाच मिनिटांची ही सवलत बंद करावी.