गोंगाट आणि नाद

ध्वनीचे दोन भाग पाडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कानाला रंजवितो तो नाद आणि कानाला टोचतो तो गोंगाट. बंगळूरच्या जयनगरात ही विभागणी सहज पटावी. १९४८ साली वसविण्यास आरंभ झालेल्या या वस्तीत झाडांच्या सावलीतील एखाद्या घरातून मृदंगाचा अभ्यास ऐकू येतो. हमरस्त्यावर वाहनांच्या भोंग्यांचा कल्लोळ असतो आणि २०१७ पासून डोक्यावरून मेट्रोगाडीही धावते. पहिले संगीत आणि दुसरा गोंगाट, यात वाद कसला?

परंतु २०२४ साली जपानमधील ‘मेल्ट-बनाना’ या जोडीची ‘३+५’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ही सोपी विभागणी पुन्हा अडचणीत आली. जयनगरातील एखाद्या तरुणाला ती हातातल्या फोनवर घरबसल्या ऐकता येते. आणि ती ऐकू आली की, हे काय चालले आहे, असे वडीलधाऱ्यांनी दारातून विचारावे, हेही स्वाभाविकच. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

स्वर म्हणजे नियमित कंपन आणि गोंगाट म्हणजे अनियमित कंपन, अशी व्याख्या जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. तार हलली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ते एकमेकांशी जमून घेतात. म्हणून तारेचा ध्वनी गोड लागतो. ताणलेल्या साध्या कातड्याचे तसे नाही. त्याच्या उपस्वरांत पूर्णांकांचे नाते नसते आणि म्हणून साधा ढोल धडधडतो, गात नाही. भारतीय कारागिराने मात्र त्या कातड्यावर मधोमध शाई चढविली. तिच्या वजनाने उपस्वर ओळीत आले आणि मृदंग, पखवाज, तबला ही वाद्ये स्वरात बोलू लागली. या गोष्टीचे शास्त्रीय मर्म चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी उलगडले. १९२० मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह या विषयावर टिपण प्रसिद्ध केले होते. पुढे बंगळूरला आल्यावर १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहून, शाईच्या कातड्याची नऊ प्रकारची कंपने पाच सुसंवादी स्वरांत कशी गोळा होतात, हे त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की, गोंगाट आणि नाद या दोन वेगळ्या जाती नव्हेत. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करता येते. ते कारागिराच्या बोटांवर अवलंबून असते.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्या घरातलेच आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती देशभर आहे. तेथील सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. या तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा कारागीर अतिशय हलक्या हाताने घासून किंचित उतरता करतो आणि वादक तारेखाली दोरा सरकवितो. मग कंप पावणारी तार घोडीला पुनःपुन्हा निसटता स्पर्श करते. काटेकोर हिशेबाने पाहिले तर ही तारेच्या मुक्त कंपनात आणलेली बाधा होय. पण या बाधेतूनच वरचे उपस्वर फुलतात आणि गायकाभोवती नादाचे वलय उभे राहते. दोरा काढून घेतला तर स्वर शुद्ध राहतो, पण तंबोरा मुका वाटतो. जपानी शामिसेन या वाद्यातही असेच आहे. त्याची सर्वांत जाड तार वरच्या टोकाशी दांडीला किंचित घासते आणि एक गुणगुण निघते. तिला तेथे ‘सावारी’ म्हणतात, म्हणजे स्पर्श. नावांच्या साम्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नये. मात्र दोन्ही देशांच्या रसिकांनी स्वरात मोजका खरखराट मुद्दाम राखला, एवढे निश्चित.

गोंगाटालाच संगीताची सामग्री मानावे, असा जाहीरनामा इटलीतील लुइजी रुसोलो यांनी १९१३ मध्ये काढला. पुढे जपानमध्ये १९७९ च्या सुमारास ‘हिजोकैदान’ आणि ‘मर्झबाऊ’ यांनी, आणि १९८६ पासून ओसाकाच्या ‘बोअरडम्स’ यांनी, ही वाट फार दूरवर नेली. या वाटेवरचे एक साधन म्हणजे विजेची गिटार. तारेचे कंपन विजेत रूपांतरित करून ते यंत्राच्या शक्तीपलीकडे वाढविले की लहरींचे माथे कापले जातात आणि मूळ तारेत नसलेले उपस्वर उपजतात. कर्ण्यातून निघालेला तो आवाज पुन्हा तारेला हलवितो, तार पुन्हा यंत्राला चाळविते, आणि हे चक्र फिरत राहते. घोडीवरच्या दोऱ्याने जे काम चिमूटभर होते, तेच येथे घागरीने ओतले जाते.

मेल्ट-बनाना हे टोकियोचे. तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या वृंदात आता गायिका यासुको ओनुकी आणि गिटारवादक इचिरो अगाता असे दोघेच उरले आहेत. ढोल व खर्जाची गिटार यांचे काम संगणक करतो. २०१३ नंतर अकरा वर्षांनी आलेल्या या मुद्रिकेत नऊ गीते आहेत आणि ती सारी अर्ध्या तासाच्या आत संपतात. अगातांची गिटार क्वचितच गिटारीसारखी वाजते. कधी ती भोंगा होते, कधी यंत्राची करवत. ओनुकींचे शब्द इतक्या वेगाने येतात की अर्थ मागे पडतो आणि अक्षरांचा आघात तेवढा उरतो. तराण्याच्या द्रुत लयीत अर्थहीन बोलांचा आनंद घेणाऱ्या श्रोत्याला हे अगदीच परके वाटू नये. प्रथम सारे एकच वादळ भासते. पण लक्ष ठेक्यावर ठेवले तर कळते की येथे काहीही सैल नाही. गीत ज्या क्षणी थांबते, त्या क्षणी दोघेही थांबतात. एका मात्रेची शांतता पडते आणि पुढची उडी नेमक्या जागी येते. हा अपघात नव्हे, रियाज होय.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : हा गोंगाट खरा, पण रचलेला गोंगाट आहे. तो आवडावाच असा आग्रह नाही. रस्त्यावरच्या कल्लोळाशी मात्र त्याची गल्लत करू नये. रस्त्यावरचा आवाज कोणी रचीत नाही, कोणी निवडीत नाही, आणि तो बंदही करता येत नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे, ती याच लादलेल्या आवाजासाठी. तरुणानेही हा नियम विसरू नये. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने जे निवडलेले नाही ते त्याच्या दृष्टीने गोंगाटच, मग ते जपानी गीत असो की उत्सवातील ढोल-ताशा. शिवाय सुमारे ८५ डेसिबलांपुढचा आवाज दीर्घकाळ ऐकल्यास श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा आवाज बेताचा ठेवून, दार लावून, ती नऊ गीते एकदा पुरती ऐकावीत आणि मग तंबोरा जुळवून घ्यावा. त्याच्या गुंजनातला खरखराट, जो आजवर ऐकूनही ध्यानी आला नव्हता, तो कदाचित त्या दिवशी प्रथमच स्पष्ट ऐकू येईल.