वायूचा झाला पाषाण

कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, भूगर्भांत कोंडला तर तो फट शोधून पुन्हां वर येणार नाहीं कशावरून? या शंकेचें उत्तर आइसलंडमधील हेट्लिशेदी येथील भूऔष्णिक वीजकेंद्रापाशीं मिळालें. तेथें डॉक्टरेटसाठीं झटणारे विद्यार्थीही संशोधनांत सामील होते.

२०१२ सालीं सुमारें २३० टन वायु पाण्यांत विरघळवून ४०० मीटरांहून खोल काळ्या पाषाणांत सोडण्यांत आला. हें सोडावॉटरच तें. मात्र त्याची अम्लता खडकांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांस सोडविते, आणि त्यांच्याशीं संयोग पावून वायूचीं घट्ट खनिजें बनतात. वायूची ओळख पटावी म्हणून त्यांत किरणोत्सर्गी कर्बाची खूण मिसळली होती. पुढें निरीक्षणाच्या विहिरींतील पंप बंद पडला. तो वर काढून पाहतात तों त्यावर हिरवट खनिजाचें पूट चढलेलें! शेंकडों वर्षांचें मानलेलें काम दोन वर्षांच्या आंत शेंकडा ९५ हून अधिक उरकलें होतें. हा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला.

सह्याद्रीचा पाषाणही याच जातीचा. परंतु या रीतीनें एक टन वायु जिरविण्यास सुमारें २५ टन पाणी लागतें. आइसलंडला त्याची वाण नाहीं. दख्खनच्या पठारावर मात्र पहिला हिशेब पाण्याचाच मांडावा लागेल.