मोठं आतडं काढल्यानंतरच्या तक्रारी

अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला की मोठं आतडं आणि गुदाशय काढतात. मग लहान आतड्याच्या टोकाची 'जे' आकाराची थैली शिवून ती गुदद्वाराला जोडतात. हाच पाऊच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ साली पाऊचची शस्त्रक्रिया मांडली. 'आता आजार मुळासकट गेला,' असं घरचे म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरं असलं, तरी पाऊचची स्वतःची दुखणी असतात.

पोटावरची पिशवी

जोड भरून येईपर्यंत काही महिने शौच पोटावरच्या पिशवीत येतं. ते पातळ असतं आणि त्यातून पाण्यासोबत मीठही जातं. पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटर जमू लागलं, लघवी कमी झाली, उभं राहताच चक्कर आली, तर डॉक्टरांना कळवायचं. इथे हमखास फसगत होते: तहान लागली म्हणून रुग्ण तांब्यामागून तांब्या साधं पाणी पितो आणि पिशवी आणखी भरते. शहाळ्यातही सोडियम कमीच. ओआरएस हवं, तेही घोट घोट. शौच घट्ट करायला लोपेरामाइड देतात, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

जोडाची गळती

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत ताप, ओटीपोटात दुखणं, धडधड अशी लक्षणं दिसली तर घरी थांबू नये. सीटी स्कॅनमध्ये पू दिसला तर नळी घालून काढतात, सोबत अँटिबायोटिक्स. कधी पुन्हा शस्त्रक्रियाही लागते.

पाऊचायटिस

सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच. पाऊच असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना ती केव्हा ना केव्हा गाठते. एरवीही दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतंच. त्यात अचानक वाढ झाली, धीर धरवेना, पोटात कळा येऊ लागल्या, की पाऊचला सूज आल्याची शंका घ्यायची. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडॅझोल दोनेक आठवडे दिलं की बहुतेकांना उतार पडतो.

मात्र दरवेळी जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणणं मला धोक्याचं वाटतं. गुदद्वाराजवळ उरलेल्या गुदाशयाच्या पट्टीला सूज आली तरी लक्षणं अशीच असतात, आणि तिथे मेसालामाइनची सपोझिटरी लागते. जोड आवळला असेल तर तो रुंद करावा लागतो. काहींच्या बाबतीत मूळ आजार क्रोन्स असल्याचं पुढे उघड होतं. म्हणून तक्रार परतली की दुर्बिणीने पाऊच पाहून तुकडा तपासायला पाठवलेला बरा. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या दुखण्यात ब्युडेसोनाइड किंवा व्हेडोलिझुमॅबचा विचार करतात.

आतडं अडकणं

पोटात आतडी एकमेकांना चिकटून वाट बंद होऊ शकते. पोट फुगणं, उलट्या, वात न सरणं ही खूण. तेव्हा जुलाबाचं औषध अजिबात घेऊ नये. थेट रुग्णालय गाठावं. तोंडाने काही न देता, नाकातून नळी आणि सलाईन लावून पुष्कळदा वाट मोकळी होते. नाही झाली, तर शस्त्रक्रिया.

स्त्रियांसाठी

ओटीपोटातल्या याच चिकटण्यामुळे गर्भधारणा अवघड होऊ शकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा त्रास कमी दिसतो. मूल हवं असेल तर हे बोलणं शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनशी व्हायला हवं. पुष्कळदा ते राहूनच जातं.