माथेरान

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील (कर्जत तालुका) थंड हवेचे ठिकाण व राज्यातील अत्यंत लहान नगरपरिषदांपैकी एक. लोकसंख्या ४,३९३ (२०११). सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून अलग झालेल्या डोंगराच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सु. ८०० मी. उंचीवर ते वसले आहे. ‘माथ्यावरील रान’ अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात.

डोंगराच्या परिसरात पूर्वी धनगर, ठाकर व कातकरी यांची तुरळक वस्ती होती. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हे स्थळ आरोग्यदायी म्हणून निवडल्यानंतर येथे बंगले व रस्ते झाले. १९०५ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. आदमजी पीरभॉय यांनी बांधलेला नेरळ-माथेरान हा सु. २० किमी. लांबीचा अरुंदमापी लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सिद्धगड येथे १९४३ मध्ये हुतात्मा झालेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोटवाल हे माथेरानचेच. त्यांनी येथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविले होते.

२००१ मध्ये येथील लोकसंख्या ५,१३९ होती. पुढील दहा वर्षांत ती सु. १४·५ टक्क्यांनी घटली. २००१ मध्ये रहिवाशांत पुरुषांचे प्रमाण सु. ५८ टक्के होते. येथील रोजगार बव्हंशी अंगमेहनतीचा असल्याने हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. शेती व कारखानदारी यांना येथे वाव नाही. हॉटेले, खाणावळी, घोडे, हमाली आणि चिक्की, मध, चपला यांची दुकाने हीच उपजीविकेची मुख्य साधने होत. पायथ्याच्या वाड्यांतील आदिवासीही कामासाठी वर येतात.

रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता गावात मोटारींना बंदी आहे. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात व तेथून बाजारपेठेपर्यंतचे सु. अडीच किमी. अंतर पायी, घोड्यावरून, रिक्षाने अथवा आगगाडीने काटावे लागते. धान्य, भाजी, गॅसच्या टाक्या, बांधकामाचे साहित्य इ. माल घोड्यांवरून वा माणसांच्या डोक्यावरून येतो. त्यामुळे वस्तूंच्या किंमतींत वाहतुकीचा खर्च मिळतो. अतिवृष्टीमुळे पावसाळ्यात पर्यटक घटतात व अनेक हॉटेले बंद राहतात. परिणामी वर्षाची मिळकत मुख्यतः सुट्ट्या व उन्हाळा यांवर अवलंबून असते. उच्च शिक्षणासाठी व मोठ्या आजारात उपचारांसाठी रहिवाशांना डोंगर उतरावा लागतो.

केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. मोटारबंदीमुळे येथील वनश्री व शांतता टिकून राहिली, तथापि वाहनाची जागा माणसाच्या श्रमाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये, माणसाने माणसास ओढून नेणे मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षांमुळे विद्यार्थी, वृद्ध व रुग्ण यांची सोय होते. परंतु घोडेवाल्यांना आपल्या रोजगाराची चिंता वाटते. एवढ्या लहान वस्तीत वाहतुकीच्या साधनातील कोणताही बदल म्हणजे अनेक कुटुंबांच्या चरितार्थातील बदल होय.