दुर्बीण अडखळते कुठे?

जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लोकांना आकाश दाखवताना रूढ केलेली दुर्बिणीची प्लायवूडची बैठक आज जगभर घरोघरी बनते. तिच्याबद्दलची नेहमीची तक्रार एकच: आधी अडते, मग झटक्याने पुढे जाते. २०० पट वर्धनाला साधारण पाव अंशाचं आकाश दिसतं आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे शनी ते मिनिटभरात ओलांडतो. म्हणून नळी सतत केसभर सरकवावी लागते, आणि तिथेच हा झटका घात करतो.

यावर बॉल बेअरिंग बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. इतकी मोकळी दुर्बीण वाऱ्याच्या झुळकीनेही भरकटते, जड आयपीस लावताच कलते. घर्षण हवंच, फक्त थांबलेलं असतानाचं आणि सरकतानाचं घर्षण जवळपास सारखं हवं. टेफ्लॉनचा नेमका हाच गुण. खरबरीत पोताच्या सनमायकावर घासणारे त्याचे तीन तुकडे, बैठकीच्या थेट पायांच्या वर, स्क्रूची डोकी आत बुडवून बसवावेत. तुकडे मोठे केले तर हालचाल हलकी होईल असं वाटतं. पण टेफ्लॉनवर दाब घटला की घर्षणाचा गुणांक वाढतो. चौरस सेंटिमीटरला किलोभर भार ठीक. तरीही जड वाटलं तर बैठक जिच्याभोवती फिरते त्या मधल्या खिळीकडे तुकडे सरकवावेत. ग्रीस मात्र टाळावं, त्यात धूळ बसते.