जिना कोणाच्या जागेत?

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेले घर विकत घेऊन पाहण्याविषयी मात्र म्हण नाही. ती असायला हवी होती, असे यावलमध्ये घर शोधत हिंडताना मला वाटू लागले.

सातपुड्याच्या पायथ्याचे हे तालुक्याचे गाव. भोवती केळीच्या बागा, गावात जुना किल्ला आणि जुन्या वस्तीत अरुंद गल्ल्या. पूर्वीची घरे धाब्याची. कुटुंब वाढले की घरही वाढे. ओट्यावर भिंत चढून त्याची खोली होई, धाब्याच्या जागी स्लॅब येई आणि स्लॅबवर आणखी खोल्या. मुलाच्या लग्नाआधी खोली हवी असे, आणि नगरपालिकेच्या परवानगीला लग्नाची तिथी ठाऊक नसे!

मला पसंत पडलेले घर असेच वाढलेले होते. खाली तीन खोल्या, वर दोन, आणि वर जाणारा जिना बाहेरून, थेट गल्लीत उतरलेला. मंजूर नकाशात फक्त खालच्या तीन खोल्या. किंमत मात्र पाचांची. विचारले तेव्हा घरमालक आबा शांतपणे म्हणाले, "वरच्या मजल्याचीही घरपट्टी भरतो आम्ही. मग बेकायदा कसं?"

प्रश्न प्रामाणिक होता. पण घरपट्टी भरल्याने परवानगी मिळत नाही आणि खरेदीखत नोंदवल्यानेही मिळत नाही. दुय्यम निबंधक व्यवहार नोंदवतो, भिंती मोजत नाही. उद्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नोटीस निघाली, तर ती घर बांधणाऱ्याला शोधत जात नाही. तेव्हा जो मालक असेल, त्याच्या दारात येते.

वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत हेच घडले. 1980 च्या दशकात बांधलेल्या इमारतींत कुटुंबे वर्षानुवर्षे नांदली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे अनधिकृत मजले वाचवण्यास नकार दिला आणि 2014 च्या जूनमध्ये त्या घरांची वीज व पाणी तोडण्यात आले. बांधणारे कधीच बाजूला झाले होते. घर सोडण्याची वेळ आली ती राहणाऱ्यांवर. पुढे 17 डिसेंबर 2024 च्या निकालात याच न्यायालयाने बँकांनाही बजावले, की पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच इमारतीवर कर्ज द्यावे.

अर्थात, सगळे वाढीव बांधकाम एका मापाचे नसते. आबांच्या वरच्या खोल्या चटईक्षेत्राच्या मर्यादेत बसत असतील आणि खालचा पाया त्यांचा भार पेलत असेल, तर शुल्क भरून त्या नियमित होण्याची वाट आहे. जिन्याला ती वाट नाही. तो ज्या जागेत उतरला, ती आबांची कधीच नव्हती. मग ती मला विकणार कोण? त्या चार फुटांवरून शेजारच्या घरातला आजारी माणूस बाहेर न्यायचा असतो, आग लागली तर पाण्याचा बंबही तिथूनच आत यायचा असतो.

मी आबांना सांगितले, "वरच्या खोल्या तुमच्या नावावर असतानाच नियमित करून घ्या, जिना आत घ्या, मग पाचांची किंमत देतो. नाहीतर तीनांची." ते बराच वेळ बोलले नाहीत. त्या दोन खोल्यांत त्यांची केळीची कमाई गेली होती, हे मलाही कळत होते. पण कष्ट खरे असले, म्हणून परवानगी आपोआप येत नाही.

आता त्यांनी अर्जाची तयारी केली आहे. इसार मी अजून दिलेला नाही. घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे, की इसारपावती लिहिण्याआधी मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर एकदा फिरावे. जिथे नकाशा संपतो आणि भिंत पुढे जाते, तिथून पुढची किंमत शेजाऱ्याला विचारून ठरवावी.