ब्राउझर मंद झाला तर काय करावे?



गेल्या महिन्यात निपाणीहून दादांचा फोन आला. आमची थोडी शेती निपाणी तालुक्यात आणि थोडी पलीकडे कागल तालुक्यात आहे. सीमाभागातल्या बऱ्याच घरांची हीच गोष्ट. वाटणीच्या कामासाठी कर्नाटकच्या ‘भूमी’वरून आणि महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’वरून उतारे बघायचे होते, पण अर्धा तास स्क्रीनवर नुसते चक्र फिरत होते.

“कोपऱ्यात सारखी सूचना येते बघ, संगणक मंद झालाय, या नंबरवर फोन करा म्हणून. नंबर लिहून ठेवलाय,” दादा म्हणाले.

“दादा, त्या नंबरला फोन अजिबात करू नका. उद्या सकाळच्या गाडीने येतो,” मी म्हणालो.

जाऊन पाहिले तर दोष त्या दोन संकेतस्थळांचा नव्हता. तिथे जे केले ते क्रमाने सांगतो. दादांकडे क्रोम आहे. इतर ब्राउझरमध्येही थोड्याफार फरकाने हेच असते.

१. आधी कारण शोधा. एकच संकेतस्थळ मंद असेल तर अडचण बहुधा त्यांच्याकडे असते. सगळीच मंद असतील तर मोबाईलवर त्याच वायफायने उघडून पाहा. तिथेही मंद असेल तर इंटरनेटचा दोष. तिथे ठीक चालले तर संगणकाचा किंवा ब्राउझरचा.

२. टॅब बंद करा. दादांच्या ब्राउझरमध्ये अडतीस टॅब उघडे होते. बँकेत काउंटरवर एकाच वेळी अडतीस लेजर उघडून ठेवली तर हवे ते पान सापडेल का? प्रत्येक टॅब संगणकाची मेमरी अडवतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसते. सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी सेव्हर’ असतो. तो चालू ठेवला की न वापरलेले टॅब आपोआप झोपी जातात.

३. एक्स्टेन्शन तपासा. ही ब्राउझरला जोडलेली छोटी उपकरणे. इनकॉग्निटो विंडोत ती सहसा बंद असतात. तिथे ब्राउझर वेगाने चालला, तर दोष बहुधा त्यांच्यातल्याच एखाद्याचा. जे आपण मुद्दाम घेतलेले नाही, ते काढून टाका.

४. कॅशे जपून साफ करा. पाहिलेल्या पानांतली चित्रे ब्राउझर साठवून ठेवतो, त्याला कॅशे म्हणतात. तो खरे तर वेग वाढवण्यासाठीच असतो, म्हणून रोज पुसू नये. पान अर्धवट किंवा जुनेच दिसत असेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून फक्त चित्रे व फाइल्सच्या चौकोनात खूण ठेवा. कुकीज पुसल्या की सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागते आणि पासवर्ड पुसले तर साठवलेले पासवर्डच जातात. मी स्वतः एकदा घाईत सगळ्या खुणा केल्या आणि दोन दिवस पासवर्ड आठवत बसलो!

५. ब्राउझर अद्ययावत ठेवा. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून मिळत नाहीत. अशा जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आता त्या सूचनेविषयी. दादांनी कधीतरी भविष्य वाचताना एका पानावर ‘अलाऊ’ दाबले होते. तिथूनच ती सूचना येत होती. सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ते नाव काढले आणि सूचना थांबली. अशा नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एखादे ॲप घ्यायला लावतो, आपला स्क्रीन स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मग खात्यातले पैसे जातात. संगणक मंद झाल्याचे कोणतीही खरी कंपनी अशी नंबर देऊन कळवत नाही. चुकून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेत कळवा.

या सगळ्याला पाऊण तास लागला, खर्च काही नाही. दोन्हीकडचे उतारे उघडले. दादांनी तो नंबर लिहिलेला कागद फाडून टाकला.

घरात वडीलधारी माणसे संगणक वापरत असतील, तर मुला-सुनांनी येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसून एवढे जरूर तपासावे. आणि वडीलधाऱ्यांनीही विचारायला संकोच करू नये.